धोंडूबाईच्या अंगठ्यावरचा उजेड

धोंडूबाईला कुणी विचारलं, तुम्ही काय करता, तर ती दोन्ही हात पुढे करायची. बोलायचं कामच नाही. तळवे रुंद, बोटं आखूड आणि अंगठे असे की पैलवानाने लाजावं. विरारच्या पूर्वेकडल्या चांदीपच्या आणि आसपासच्या गावांतल्या बाळ-बाळंतिणींना तिने याच हातांनी न्हाऊ-माखू घातलं होतं. हे काम तिला सासूने दिलं, सासूला तिच्या सासूने दिलं होतं. घरचं शेत होतं, भात होता, लेक हरेश्वर कमावता होता. पण धोंडूबाईची खरी पत होती ती न्हाणीत.

पुढे विरारच्या पश्चिमेला बोळिंजमध्ये इमारतींवर इमारती उठल्या. कोकणातली, देशावरची, मुंबईतली खोली सोडून आलेली नोकरदार माणसं तिथे राहायला आली. त्यांच्या सुना बाळंत व्हायच्या तेव्हा सासू गावाला, आई दुसऱ्या गावाला, आणि हाताशी कुणी नाही. मग शेजारीण सांगायची, पूर्वेकडून एक मावशी येतात, हात फार गुणाचा. धोंडूबाई सकाळच्या एसटीने विरारला उतरायची, स्टेशनचा पूल ओलांडून पलीकडे जायची आणि ऊन चढायच्या आत घरं उरकून परत यायची. फ्लॅटच्या मोरीत पाय पसरायला जागा नसायची. "ह्या घर हाय का कपाट?" असं ती प्रत्येक नव्या घरात एकदा तरी म्हणायची, आणि घरवालेही हसून घ्यायचे.

तिची रीत ठरलेली. पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, बाळाला पायांवर घ्यायचं. टाळूवर तेल, मग छाती, मग पाठ. बाळ रडलं की ती खूश. "रडू दे, छाती भरते." बाळानंतर बाळंतिणीची पाळी. कंबरेच्या खाली अंगठा रोवला की बँकेत, शाळेत, सरकारी कचेरीत रुबाब करणाऱ्या बायकांच्याही डोळ्यांतून पाणी यायचं. धोंडूबाईचा मंत्र एकच: "सोस. सोसलंस तर सुटशील." जे दुखत नाही ते लागू पडत नाही, एवढंच तिचं वैद्यक. आणि गंमत अशी की बायकांनाही ते पटायचं. रडून झाल्यावर कढत पाण्याखाली बसून त्याच म्हणायच्या, मावशी, अंग कसं हलकं झालं.

दोन हजार तीनचा पाऊस सरला आणि धोंडूबाईचाच अंगठा दुखायला लागला. उजवा. दुखणं अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला. आधी तांब्या उचलताना कळ यायची, मग भाकरी थापताना, मग लुगड्याचा काष्टा खोचतानासुद्धा. तिने तेल चोळलं, मिठाने शेकलं, रुईचं पान बांधलं. जगाच्या कंबरा मोकळ्या करणारीला स्वतःचा अंगठा काही मोकळा करता येईना. पण घरात तिने ब्र काढला नाही. सून कुंदा पाहायची की आत्याबाई डाव्या हाताने पाणी ओढतायत, पण विचारायची तिची छाती नव्हती. धोंडूबाईला "काय होतंय" असं विचारणं म्हणजे म्हशीला "शिंगं जड होतात का" असं विचारण्यासारखं होतं.

मग एक दिवस वसुंधराच्या घरी नको तेच झालं. ही वसुंधरा बँकेत नोकरीला, बोळिंजमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहणारी, पहिलटकरीण. धोंडूबाईने तेल लावलेलं बाळ एका हाताने काखेत धरून उचललं, नेहमीसारखंच, आणि अंगठ्यातून अशी कळ गेली की पकडच सुटली. बाळ घसरलं. घसरून तिच्याच ओच्यात पडलं म्हणून बरं. खरचटलंसुद्धा नाही, उलट ते टकामका बघत राहिलं. पण धोंडूबाईच्या तोंडचं पाणी पळालं. वसुंधरा दारातच टॉवेल घेऊन उभी होती, तिने सगळं पाहिलं. ती ओरडली नाही. बाळाला उचलून घेतलं, दुपट्यात गुंडाळलं आणि मग म्हणाली, "मावशी, आमच्याच बिल्डिंगखाली सुझान मॅडमचं क्लिनिक आहे. फिजिओथेरपी करतात. आज दाखवल्याशिवाय घरी जायचं नाही."

एरवी धोंडूबाईने असला सल्ला पायरीवरच सोडला असता. पण घरी तिची नात, हरेश्वरची मुलगी स्वप्नाली, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला आठवा लागला होता. धोंडूबाई अख्ख्या गावाला सांगून बसली होती, "सासूनी माजा हरेश्वर न्हायवला. मी स्वप्नाली न्हायवली. आता तिचा पोर माज्या हातान न्हायला की मी मोकळी." देवाकडे तिने दुसरं काही मागितलेलं नव्हतं. आणि आता डोळ्यांसमोर सारखं तेच येत होतं, तेलकट अंग निसटलेलं. ते पोर स्वप्नालीचं असतं तर? ओच्याऐवजी खाली फरशी असती तर? ती जिना उतरली आणि क्लिनिकच्या बाकावर जाऊन बसली.

सुझान मूळची वसईकडच्या भुईगावची. लग्नानंतर इकडे आलेली, तिशीची, बोलायला गोड पण कामात कडक. तिने धोंडूबाईचा अंगठा मुठीत घ्यायला लावला आणि मूठ करंगळीच्या बाजूला खाली वाकवली. कुणीही किंचाळलं असतं. धोंडूबाईच्या कपाळावर घामाचे थेंब आले, चेहरा मात्र दगडी.

"दुखलं ना मावशी?"

"थोडा."

"थोडं? बरं," सुझान म्हणाली. "हा आजार कुणाला होतो माहितेय? नव्या आयांना. बाळाला सारखं उचलून उचलून. अंगठ्याच्या दोऱ्या ज्या नळीतून सरकतात ना, ती सुजून आवळते."

धोंडूबाई खो खो हसली. "म्हंजे साठीत मना बाळंतीन केलीस!"

सुझानने दोन गोष्टी सांगितल्या. अंगठा हलू नये म्हणून पट्टा बांधायचा आणि मालीश पूर्ण बंद. शिवाय लेसर घ्यायचा. खोलीच्या कोपऱ्यात एक पेटी होती, तिला वायर आणि वायरच्या टोकाला जाड पेनासारखी कांडी. हा एक उजेड आहे, सुझानने समजावलं, डोळ्यांना नीट दिसत नाही, पण कातडीतून आत जातो, सूज उतरायला आणि आतलं मांस भरून यायला मदत करतो. एका खेपेत काही होत नाही, पुन्हा पुन्हा यावं लागतं. मग तिने धोंडूबाईला गडद चष्मा घातला, स्वतःही घातला, आणि कांडी मनगटावर टेकवली. चष्म्यातली धोंडूबाई मोतीबिंदू काढून आल्यासारखी ताठ बसून राहिली. पेटी पिंपिं वाजली.

"चालू झाला काय?" तिने विचारलं.

"संपलं पण."

धोंडूबाईचा चेहरा असा पडला, जसा जेवायला बोलावून नुसतं पाणी दिल्यावर पडतो.

एक गोष्ट सुझानने त्याच दिवशी बजावली होती. धोंडूबाईच्या मनगटावर, नेमकं दुखऱ्या जागेच्या शेजारी, लहानपणी गोंदवलेली तुळस होती. आता हिरवट, फाकलेली, पण शाई भरपूर. "हा गडद रंग उजेड ओढून घेतो," सुझान म्हणाली. "त्याच्यावर कांडी आली तर चटका बसेल. मी बाजूबाजूनेच देणार. पण जरा जरी टोचलं, गरम लागलं, तर लगेच सांगायचं. लाजायचं नाही." धोंडूबाईने मान डोलावली. मान डोलवायला काय जातंय?

घरी येऊन तिने निकाल दिला, "बॅटरी मारते आनि सोडते. ना शेक ना चोळ. भुतासारखा उपचार." तरी ती जात राहिली, कारण स्वप्नालीचं पोट पुढे पुढे येत होतं. न्हाऊ घालायची घरं तिने बंद केली, पट्टा मात्र इमानाने बांधला. आणि खरं म्हणजे अंगठ्याचं दुखणं हळूहळू उतरत होतं. तांब्या धरवत होता. पण जे गुपचूप बरं होतं त्याचं श्रेय धोंडूबाई कुणाला देणार? ती म्हणायची, हवा बदलली, म्हणून.

अशात एका सकाळी सुझान कांडी टेकवत असताना दारात दुसरा पेशंट आला, तिने मान वळवून त्याला बसायला सांगितलं, आणि तेवढ्यात कांडीचं टोक तुळशीच्या पानावर सरकलं. सुई टोचल्यासारखा चटका बसला. धोंडूबाईच्या अंगात आनंदाची लहर गेली. लागलं! इतके दिवस ही पोरगी बाजूबाजूला खेळत होती, आज कुठे औषध जागेवर पोचलं!

"ठीक आहे ना मावशी? टोचत नाही ना?"

"नाय, नाय. चालू दे."

त्यानंतरच्या खेपांना तिने जे केलं ते फक्त धोंडूबाईच करू जाणे. दोघींच्या डोळ्यांवर गडद चष्मे. कांडी टेकली की ती मनगट बेताबेताने फिरवायची, इतकं सावकाश की सुझानला कळू नये, आणि गोंदण बरोबर उजेडाखाली आणायची. चटका बसला की दात आवळून गप्प. सुझान विचारायची, "काही वाटतंय?" ही म्हणायची, "काय नाय." मनात मात्र हिशेब चोख: जेवढं जास्त लागेल तेवढं लवकर बरं होईल, आणि पोर यायच्या आत हात तयार.

तुळशीच्या पानांवर बारीक फोड उठले तेव्हाही ती घाबरली नाही. रोग बाहेर पडतोय, तिने ठरवून टाकलं. बांगड्या पुढे ओढल्या, त्यावर पट्टा बांधला, आत हळद-तेल चोपडलं. पट्ट्याखाली घाम आणि तेल मुरलं, फोड फुटले, चिघळले. पुढच्या वेळी सुझानने पट्टा सोडला आणि तिचा हात तसाच हवेत राहिला.

"हे काय आहे? मावशी, हे भाजलंय! मी रोज विचारत होते, टोचतंय का, टोचतंय का!"

"टोचत व्हता म्हनून तर बरा व्हतंय."

सुझान रागाने लाल झाली. तिने मशीन बंद केली, खुर्चीत बसली, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "दुखणं म्हणजे गुण नाही हो मावशी. दुखणं म्हणजे अंग सांगतंय की थांबा. चूक माझीपण आहे, मी हातावर नजर ठेवायला पाहिजे होती. पण तुम्ही खोटं कशाला बोललात?" आपण खोटं बोललो असं धोंडूबाईला वाटतच नव्हतं. सोसलं होतं, आणि सोसण्याला कुणी खोटं म्हणतं होय? सुझानने जखम साफ करून डॉक्टरकडे पाठवलं आणि ताकीद दिली: जखम भरेपर्यंत लेसर बंद, पाणी बंद, तेल बंद. उघड्या जखमेचा हात तान्ह्या बाळाला लावायचा तर नावच नको.

त्याच आठवड्यात स्वप्नाली विरारच्या एका इस्पितळात बाळंत झाली. मुलगी. सुटी होऊन घरी आली, पाचवी पुजली, आणि सहाव्या दिवशी न्हाणीत पाट मांडला गेला तेव्हा त्यावर धोंडूबाई नव्हती. कुंदा होती. बिचारीने आयुष्यात कधी बाळ न्हायवलेलं नव्हतं. सासूने कधी हात लावू दिला असता तर ना! धोंडूबाई दाराशी स्टुलावर बसली, पदराखाली हाताची पट्टी लपवून, आणि तिथून सूचना सोडत राहिली. मान धर. पालथी घाल. तशी नाय गं, तुला काय भाजी धुवायचीय? कुंदा रडवेली, बाळ रडतंय, आणि धोंडूबाई स्टुलावरून सारखी अर्धी उठत होती, पुन्हा बसत होती. ज्याची एवढी वाट पाहिली ते हातभर अंतरावर होतं आणि शिवता येत नव्हतं. तेही स्वतःच्या हुशारीने.

बाळाचं न्हाऊन झालं, मग स्वप्नाली पाटावर बसली. आत्याबाई बघतायत म्हणून कुंदा मन लावून चोळत होती. आजवर या वेळी धोंडूबाईची नजर कायम आपल्याच हातांवर असायची, नाहीतर बाळंतिणीच्या पाठीवर. चेहरा तिने कधी पाहिलाच नव्हता. आज स्टुलावरून तिला तेवढाच दिसत होता. कुंदाचा हात कंबरेखाली गेला आणि स्वप्नालीचा चेहरा दगड झाला. ओठ आवळलेले, कपाळावर घाम, डोळे समोरच्या भिंतीला. धोंडूबाईने तो चेहरा ओळखला. चष्मा घालून सुझानसमोर बसलेली ती स्वतः अशीच दिसत असणार.

"कुंदा, हात काढ," ती म्हणाली. "पोरी, दुखतंय?"

"नाय आजी."

"माज्याशी खोटा बोलू नको. कुठं?"

स्वप्नालीचा एकदम बांध फुटला. टाके. दोन दिवसांपासून टाक्यांच्या जागी आग होत होती, बसवत नव्हतं, लघवीला जायची भीती वाटत होती. कुंदाने कपाळाला हात लावला तर अंग तव्यासारखं तापलेलं. आई-लेकी एका घरात, एका खोलीत, आणि कुणाला पत्ता नाही. हरेश्वरने रिक्षा आणली. इस्पितळातल्या डॉक्टरबाईंनी टाके पाहिले आणि कुंदाकडे बघून विचारलं, इतके दिवस झोपला होतात का? आत पू झाला होता आणि विष अंगात पसरायला सुरुवात झाली होती. स्वप्नालीला ठेवून घेतलं, सलाईन लावलं, इंजेक्शनं सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला तेव्हा धोंडूबाई तिच्या खाटेशी बसली होती. "सांगायचं नाय व्हय गं, पोरी?"

स्वप्नाली थकल्या आवाजात म्हणाली, "सगळ्या बायका सोसतातच ना आजी. तूच सांगतेस. मना वाटलं, मी धोंडूबाईची नात. मीच बोंबलायला लागले तर लोक काय म्हनतील?"

धोंडूबाईला लाज वाटली, अशी की खाटेवरच्या पोरीकडे बघवेना. किती बायका तिच्या अंगठ्याखाली रडल्या होत्या. त्यातल्या कुणाचं दुखणं नुसतं अवघडलेल्या अंगाचं होतं आणि कुणाचं असं आतून पेटलेलं, हे तिने एकीलाही विचारलं नव्हतं. ज्यांनी सोसलं त्या पुन्हा भेटल्या की पाया पडायच्या. ज्या पुन्हा दिसल्या नाहीत, त्यांचं काय झालं हेही तिला ठाऊक नव्हतं.

स्वप्नाली घरी आली. पू आटला, ताप गेला, पण जखम भरायला वेळ लागत होता. डॉक्टरबाईंना विचारून सुझानने तिला लेसरसाठी बोलावलं. पडद्याआड स्वप्नाली आडवी झाली, आजी उशाशी बसली, तिघींना चष्मे.

"आजी, काहीच कळत नाय गं."

"नायच कळत. कळला तर बोंब मार," धोंडूबाई म्हणाली. कांडी धरून बसलेली सुझान हसली.

धोंडूबाईचीही जखम भरली. तुळशीची चार पानं कायमची पुसून गेली, त्या जागी गुळगुळीत गुलाबी कातडी आली. मेल्यावर माणसाबरोबर फक्त गोंदण जातं म्हणतात; तेव्हा वर अर्धीच तुळस घेऊन जाणार, असं ती स्वतःच सांगून हसायची. अंगठा पुरता पहिल्यासारखा झाला नाही, पण सुझानने पिळून, दाबून, वजन धरायला लावून पाहिला आणि परवानगी दिली. बाळाला मात्र एका हाताने उचलायचं नाही, दोन्ही हातांनी, खालून आधार देऊन.

तोवर स्वप्नाली सासरी निघायचे दिवस आले होते. त्या सकाळी धोंडूबाई पाटावर बसली, पाय लांब केले आणि कुंदाने पणतीला तिच्या पायांवर ठेवलं. न्हाणीच्या दाराशी सगळं घर जमलं होतं. तेल लावताना बाळ रडायला लागलं तसे हात थांबले. ती तशीच बसून राहिली, बाळाच्या छातीवर तळवा ठेवून, ते शांत होईपर्यंत. मग पुढे. पुन्हा रडलं, पुन्हा थांबली. कुंदाला राहवेना. "आत्याबाई, अशानं दुपार होईल!" पण धोंडूबाईने तिच्याकडे पाहिलंही नाही.

बाळ दुपट्यात गेलं आणि स्वप्नाली पाटावर आली. धोंडूबाईने तिच्या पाठीवर नुसता हात ठेवला, दाबला नाही.

"कुठं कुठं दुखतंय ते सांग. सगळा सांग. सांगशील तिथंच हात लावीन."

स्वप्नालीने कंबर सांगितली. खांदे सांगितले. थोडं थांबून, बसल्यावर दुखतं तेही सांगितलं. आणि मग ती बोलतच राहिली: सासरी बाळंतपणाआधी शेवटपर्यंत हंडे उचलायला लावले ते, मुलगी झाली म्हणून नवऱ्याने अजून फोन केला नाही ते, परत जायची भीती वाटते ते. कुंदा दारात तोंडाला पदर लावून उभी राहिली. धोंडूबाईचा हात पोरीच्या पाठीवर तसाच होता. तिने मध्ये समजावलं नाही, गप्पही केलं नाही.

बंबातलं पाणी कधीच निवलं होतं. स्वप्नाली थांबली तेव्हा धोंडूबाईने कुंदाला सांगितलं, "पानी परत तापव. आनि हरेश्वरला सांग, उद्याची गाडी सांगू नको. पोरगी एवढ्यात जात नाय."